मधल्या खणातला आवाज

बांधकामाच्या धंद्यात सुट्टी रविवारी नसते, अवसेला असते. गवंडी थापी धुऊन ठेवतो, सुतार करवतीला तेलाचं बोट लावून ती फडक्यात गुंडाळतो, सेंट्रिंगवाले आदल्या संध्याकाळीच गावाकडे पळतात. त्या दिवशी कुणी पाया खणत नाही, कुणी स्लॅब टाकत नाही. का, असं विचारलं तर प्रत्येक जण वेगळं कारण सांगतो. आम्ही मालक लोक कुरकुरतो, पण अवसेला काम काढायची हिंमत माझ्या पाहण्यातल्या एकाही मालकाला झालेली नाही.

त्यामुळे बंद साइट कशी असते हे कामगारांना ठाऊक नसतं. एरवी तिथे खडी, फावडी, शिव्या, मिक्सरची घरघर, सगळं एकदम चालू असतं. अवसेला ते थांबतं आणि नुसती इमारत उरते. अर्धवट, उन्हात उभी, खिडक्यांच्या जागी भोकं. अशा ठिकाणी भर दुपारी एकट्यानं फिरून पाहावं. मी पुष्कळ फिरलो आहे.

संपादकांनी धंद्यातले मजेशीर अनुभव मागितले होते. तसे आहेतही. एका शेठजींनी ज्योतिष्याच्या सांगण्यावरून जिन्याचं तोंड इतक्या वेळा फिरवलं की शेवटी तो होता तिथेच परत आला. पण लिहायला बसलो की हात दुसऱ्याच एका गोष्टीकडे जातो. ती सांगून टाकल्याशिवाय बाकीचं काही लिहिता येईल असं वाटत नाही.

मी आधी सुपरवायझर होतो. पुढे भागीदारीत छोटी कंपनी काढली आणि भागीदार थकल्यावर तिचा कारभार एकट्यावर आला. ठाणे-बेलापूर रस्त्याला तेव्हा कारखाने येऊ लागले होते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, मिठागरं आणि खाजणं. खाजण म्हणजे भरतीचं पाणी शिरतं ती चिखलाची सपाट जमीन. तीच मुरूम टाकून भरायची आणि वर कारखाना उभा करायचा. काम भरपूर होतं, पण मालक झाल्यावर मला एक गोष्ट कळली. विचारायला कुणी उरत नाही. मुकादमाला विचारलं तर धाक जातो, इंजिनियरला विचारलं तर तो आपल्याला काय ऐकायचंय याचा अंदाज घेतो, आणि घरी सांगितलं तर घरची झोप जाते.

हे मी एकदा अण्णा मोघ्यांजवळ बोललो. अण्णा आमच्या धंद्यातले जुने, सरळ माणूस. ते म्हणाले, "वसंतराव, अवसेला काय करता?"

"झोपतो."

"मग या महिन्यापासून झोपू नका. आमच्यात या."

आमच्यात म्हणजे तीन कंपन्यांचे तीन मालक. अण्णा, कच्छी कांतीशेठ, आणि सरकारी बांधकाम खात्यातली नोकरी सोडून कंत्राटदार झालेले इनामदार. मी चौथा. दर अवसेला एकाच्या बंद साइटवर जमायचं. ज्याची साइट, त्यानं फाटकाबाहेर बसून राहायचं, आत यायचं नाही. बाकीच्यांनी आत जायचं, वेगवेगळं फिरायचं, एकमेकांशी बोलायचं नाही. मग बाहेर येऊन सतरंजीवर बसायचं आणि प्रत्येकानं जे पाहिलं, ऐकलं, वाटलं ते तोंडावर सांगायचं. मालकानं मधे बोलायचं नाही. आणि सगळ्यात नव्या सभासदानं सगळ्यात आधी बोलायचं. कारण जुन्यांचं ऐकलं की नवा तेच म्हणतो. हा नियम अण्णांचाच.

पहिली पाळी माझी आली. तुर्भ्याला माझं एक काम चालू होतं. मी फाटकाबाहेर एका उलट्या घमेल्यावर बसलो, परीक्षेला बसल्यासारखा. तिघं बाहेर आले. इनामदार म्हणाले, "मागची भिंत ओळंब्यात नाही, कललीय. आणि ते तुझ्या प्रत्येक गवंड्याला माहीत आहे, कारण तिथेच सगळ्यांनी मिळून गिलावा जाड केलाय."

कांतीशेठ म्हणाले, "वसंतभाय, तुझा माणूस उंचीला नाय घाबरत, तुला घाबरतो. तुला कोण खरा सांगणार?"

मला राग आला, लाज वाटली, आणि घरी जाताना फार दिवसांनी हलकं वाटलं. ती भिंत मी पाडून बांधली. या तिघांपुढे आपणही एकदा असंच काही तरी अचूक बोलून दाखवावं, असं तेव्हापासून मनात बसलं. पुढचं जे झालं त्याचं मूळ तिथे आहे.

पुढची अवस अण्णांच्या साइटवर होती. बेलापूरच्या अलीकडे, भरलेल्या खाजणावर, एका रंगाच्या कारखान्याचं दुमजली गोदाम. पहिल्या मजल्याची स्लॅब नुकतीच टाकली होती. स्लॅब ओली असते तेव्हा ती स्वतःच्या जोरावर उभी नसते. खाली लाकडी फळ्यांचा साचा असतो, आणि त्याला टेकू म्हणून बल्ल्यांचं, म्हणजे लाकडी खांबांचं, रान उभं असतं. प्रत्येक बल्लीच्या तळाशी एक फळकूट आणि त्यावर ठोकून बसवलेल्या पाचरी. काँक्रीट कडक होईपर्यंत सगळा भार त्या पाचरींवर.

आम्ही तिघं आत शिरलो आणि पांगलो. बाहेर पांढरं ऊन होतं, आत अंधारी गारवा. वर भिजत घातलेल्या स्लॅबमधून मधूनच थेंब पडत होता. खाडीचा खारट, कुजका वास होता, आणि तो नेहमीपेक्षा जवळून येत होता. चार खांबांमधल्या जागेला आम्ही खण म्हणतो. मी मधल्या खणात पोहोचलो आणि थांबलो.

कुणी तरी बोटं मोडत होतं.

कड्. मग शांतता. मग पुन्हा कड्, थोडं पलीकडे. एखादी बाई सावकाश एकेक बोट मोडत बल्ल्यांच्या मधून चालली आहे, असं वाटावं. मी त्या दिशेला वळलो की आवाज दुसरीकडून यायचा. अंगावर काटा आला. मला पळावंसं वाटलं, आणि पळताना कुणी पाहील याची भीती वाटली.

त्या खणाच्या कडेला, स्लॅबच्या बाहेर उन्हात, पत्र्याची एक खोपटी होती. तिच्या दाराशी रखवालदाराची बायको बसली होती. तिचं नाव चांगुणा हे मला नंतर कळलं. तिच्यासमोर जमिनीवर पानात थोडा भात आणि सुक्या बोंबलाचा तुकडा ठेवलेला होता. आमची नजरानजर झाली.

"सायेब, तुमालापन आयकाला येतं ना?" ती हळूच म्हणाली.

"काय?"

"ता चालतंय ता. स्लॅब टाकल्यापासना रोज दुपारचा येतंय. आज जास्ती हाय. खाजन बुजवलाव ना, त्याला आवडला नाय."

ती पुढे म्हणाली, "माजा नवरा रातभर जागतो, दुपारचा निजतो. पत्र्याखाली भाजून निगतो बिचारा. या खनात कसा गार हाय. पन मी निजू नाय देत त्याला. तो हसतो मना. बोलतो, तू येडी हायस. सायेब, तुमी शिकलेली मानसा. खरा सांगा, आयकाला येतं ना?"

खोपटीतून तिच्या नवऱ्याचा, पोशाचा, झोपाळू आवाज आला, "ए चांगुने, सायबाना कशाला तरास देतंस!"

आणि मी म्हणालो, "नाही बुवा. मला तर काही ऐकू येत नाही. वारा असेल. निजू दे त्याला गारव्यात."

मी हे बोलत असताना आवाज चालू होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर अविश्वासाची नव्हती. ती स्वतःवरचा विश्वास उडालेल्या माणसाची होती. तिनं ते पान उचललं आणि आत घेऊन गेली.

बाहेर सतरंजीवर कांद्याचे पोहे आले, कांतीशेठच्या घरचे थेपले आले. अण्णा फाटकाबाहेर बसून होते. नियमाप्रमाणे पहिला मी. मनात म्हटलं, हे अनुभवी लोक, यांना काय सांगू? भूत आहे म्हणून? इनामदार वर्षभर चिडवतील. म्हणून मी घसा साफ केला आणि म्हणालो, "उजव्या बाजूच्या जिन्याच्या पायऱ्यांची उंची सारखी नाही. वरून तिसरी कमी भरते."

अण्णांनी कौतुकानं मान हलवली. इनामदार क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग तेही पायऱ्यांबद्दलच बोलले. कांतीशेठ म्हणाले, "पायरीच. बाकी सगळा बरोबर." आणि थेपल्याचा तुकडा हातातच धरून बसले, खाल्ला नाही. हे मला आत्ता आठवतं. तेव्हा मी स्वतःवर खूश होतो.

दुसऱ्या दिवशी कामगार परत आले. दुपारी सगळे जेवायला झाडाखाली गेले असताना मधला खण खाली आला.

पोशा त्याच खणात झोपला होता. चांगुणा पाणी आणायला गेली होती.

बातमी ऐकून मी पोहोचलो तेव्हा धूळ बसली होती. चांगुणा ढिगाऱ्याजवळ उकिडवी बसली होती, रडत नव्हती. माझ्याकडे तिचं लक्ष गेलं की नाही, मला माहीत नाही. मी लोकांच्या मागे उभा राहिलो. पुढे गेलो नाही.

चौकशी झाली आणि कारण सापडलं. धंद्यातल्या माणसाला ते अवघड नव्हतं. अवसेच्या सुमाराला समुद्राला मोठं उधाण येतं, आणि आमच्या बाजूला त्याची भरती भर दुपारी असते. पाणी वर दिसलं नाही, पण भरावाच्या खालून शिरलं. मुरूम मऊ झाला, फळकुटं बसली, पाचरी सुटू लागल्या. एक पाचर सुटते तेव्हा कड् असा आवाज होतो. तिचा भार शेजारच्या बल्लीवर जातो, मग ती बोलते, मग तिच्या पलीकडची. म्हणून आवाज चालत होता. सगळ्या खाडीकाठी ज्या दिवशी जमीन सर्वांत मऊ असते, त्याच दिवशी आमच्या साइटवर चिटपाखरू नसतं.

म्हणजे ती बाई जे ऐकत होती ते खरं होतं. तिला वाटलं खाजणातलं काही तरी आहे, आणि मलाही मनातून तेच वाटलं. तिनं भात ठेवला, मी नाकारलं. खाली वाकून पाचरीला हात लावून पाहावा, हे तिला सुचण्याचं कारण नव्हतं. मला होतं. भीती वाटली म्हणून मी त्या आवाजाला भूत समजलो, आणि भूत समजलो म्हणून गप्प बसलो. सुपरवायझर असताना मी असल्या पाचरी स्वतः ठोकून पाहिल्या होत्या.

अण्णांनी सगळा दोष स्वतःवर घेतला. कंपनी बंद केली आणि पुढे कुठल्याच साइटवर पाय ठेवला नाही. चौकशीत मला कुणी काही विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं नाही. अण्णांना सांगेन सांगेन म्हणत राहिलो, आणि ते गेले.

आमची बैठक बंद पडली. काही वर्षांनी कांतीशेठनी ती पुन्हा सुरू केली. "अण्णाचा काम हाय, बंद नाय करायचा," म्हणाले. आम्ही तिघंच. माझी पाळी आली तेव्हा माझं काम महाप्याला होतं. ती जागा डोंगराच्या पायथ्याशी, खाली काळा पाषाण. खाडी लांब. स्लॅब केव्हाच पक्की झालेली, बल्ल्या काढून नेलेल्या. मी फाटकाबाहेर बसलो. दोघं आत गेले. पानं हलत नव्हती.

आणि इमारतीच्या आतून आवाज आला. कड्. मग थोडं पलीकडे, कड्.

मी उठून उभा राहिलो. आत सुटण्यासारखी एकही पाचर नव्हती. नियम मोडून आत जाणार तेवढ्यात दोघं बाहेर आले.

"आत काही ऐकलंत?" मी विचारलं.

"काय?" इनामदार म्हणाले.

"आवाज. बोटं मोडल्यासारखा."

"नाही बुवा," इनामदार म्हणाले. कांतीशेठनीही मान हलवली.

"अजून चालू आहे. आता आला बघा."

दोघंही माझ्याकडे पाहत राहिले. ते खरं बोलत होते की मी जे तिच्याशी केलं तेच माझ्याशी करत होते, हे मला कधीच कळणार नाही. पण आपल्याला स्पष्ट ऐकू येतंय आणि शहाणी माणसं नाही म्हणताहेत, हे कसं असतं ते मला त्या दुपारी कळलं. पायाखालची जमीन जाते. मी मटकन सतरंजीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. मधला खण, भाताचं पान, वारा असेल, निजू दे त्याला.

मग कांतीशेठ म्हणाले, "मी पण ऐकला होता, वसंतभाय. मी त्या खणात उभा राहून देवाचा नाव घेतला आणि भागलो. मला वाटला, हसशील तुमी लोक."

मी इनामदारांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला. "मला वाटलं, ब्लडप्रेशर वाढलंय, कानात वाजतंय. अरे, आवाज चालत होता. पाचर चालते का कुठे, असं मी स्वतःला म्हटलं. नोकरीत इतके पूल बांधले मी." मग म्हणाले, "तू पहिला बोलणार होतास. तू बोललास तर मी बोलणार होतो. तू पायऱ्या काढल्यास."

जुन्यांचं ऐकून नव्यानं खोटं बोलू नये म्हणून अण्णांनी केलेला नियम. आम्ही दोघा जुन्यांनी आणि एका नव्यानं तो असा पाळला.

त्या बैठकीत दुसरं काहीच झालं नाही. उठताना कांतीशेठ एवढंच म्हणाले, "त्या बाईला सांगितला काय?"

पोशा करावे गावचा, बेलापूरजवळच्या. मी दुसऱ्याच दिवशी गेलो. कोळ्यांची वस्ती, दारोदार जाळी वाळत घातलेली. पोशाचं घर विचारलं तर एक बाई म्हणाली, "कोनचा? त्या येडीचा?" आणि बोट दाखवलं.

ओट्यावर एक म्हातारी जाळं दुरुस्त करत बसली होती. पोशाची आई. चांगुणा मागच्या बाजूला मासे साफ करत होती. मला पाहून ती हात तसेच ठेवून पुढे आली. तिनं ओळखलं.

"सायेब, तुमी?"

मी बसलो नाही. वाटेत जुळवलेली वाक्यं सगळी विसरलो. म्हणालो, "चांगुणाबाई, त्या दिवशी मला ऐकू आलं होतं."

ती आणखी एक पाऊल पुढे आली.

"तुम्ही विचारलंत तेव्हा आवाज चालू होता. मी खोटं बोललो. आणि माझ्याबरोबर जे दोघं होते, त्यांनाही ऐकू आलं होतं."

"तिगानापन?"

"तिघांनाही."

तिच्या तोंडावर राग येईल म्हणून मी तयार होतो. तो आला नाही. ती मागे वळून म्हातारीला म्हणाली, "आये, आयकलास?" मग मला म्हणाली, "परत सांगा. मोठ्यान सांगा. हिला कानान कमी हाय." आजूबाजूच्या ओट्यांवरच्या बायका वर पाहू लागल्या होत्या. "समद्यानला सांगा. ही मना बोलते, तुला ठावका व्हता तरी तू माज्या पोराला तितं निजवलास. सगला गाव बोलतो."

मला वाटलं होतं, मी तिची माफी मागायला आलो आहे. तिला माझी माफी नको होती. तिला साक्षीदार हवा होता, आणि इतकी वर्षं तो मिळाला नव्हता.

मी म्हातारीजवळ गेलो. ओट्यासमोर खाली बसलो आणि मोठ्यानं, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणालो, "आजी, तुमच्या सुनेनं त्याला तिथे निजू दिलं नव्हतं. तिला आवाज ऐकू येत होता. मलाही येत होता. मी म्हणालो, काही नाही, वारा आहे, निजू दे त्याला. माझ्या शब्दावर तिनं निजू दिलं."

म्हातारीची जाळं विणायची सुई थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. "मंग तवा का नाय बोललास?"

"लोक हसतील म्हणून."

"हसतील म्हनून," ती स्वतःशीच म्हणाली. मला पुढे काही बोलली नाही, आणि आजतागायत बोललेली नाही. मी मधूनमधून जातो, ती आत निघून जाते. तो तिचा हक्क आहे.

त्या दिवशी मात्र तिनं जाळं बाजूला केलं, ओट्याचा खांब धरून उठली आणि सुनेसमोर उभी राहिली. चांगुणाचे हात माशांच्या खवल्यांनी भरलेले होते, ते तिनं अंगापासून लांब धरले होते. म्हातारीनं दोन्ही तळवे तिच्या तोंडावरून खाली फिरवले, मुठी आपल्या कानशिलांवर टेकवल्या आणि बोटं मोडली.

सगळी आळी गप्प होती, दुपार होती, आणि तोच आवाज होता. कड्. कड्. या वेळी तो तिथल्या सगळ्यांना ऐकू आला.